व्यायच्या आधी सहा आठवडे: डुकराच्या पिल्लांची विषाणूजन्य हगवण रोखताना

सकाळी शेडचं दार ढकललं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. आंबूस, दही नासल्यासारखा वास येतो. मग दिसतं, की काल उड्या मारणारी चार दिवसांची पिल्लं आज एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली आहेत. शेपटीखाली ओलं आहे, मागच्या पायांवरून पिवळं पाणी ओघळतंय आणि दोघातिघांनी दुधाच्या गुठळ्या ओकल्या आहेत. नवा वराहपालक अशा वेळी आधी औषधाच्या दुकानाकडे धावतो. जुना माणूस वही उघडतो. ही मादी कितव्या वेताची, कुठून आणली, आपल्या शेडमध्ये येऊन हिला किती दिवस झाले?

त्या वहीत काय असायला हवं आणि का, हे इथे सांगतो. पाच-दहा माद्यांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी हे आहे. पाचशे माद्यांच्या फार्मवर पगारी पशुवैद्यक असतो, त्यांना माझी गरज नाही.

आधी हे समजून घ्या: पिल्लू कोरं जन्मतं

माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, पोटात असतानाच वारेतून मिळतात. डुकरिणीच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. त्यामुळे पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ शून्य असतात. त्याला जे काही मिळायचं ते चिकातून. गाईम्हशींचंही असंच असतं. म्हणून तर घरातली म्हातारी माणसं म्हणायची, आधी वासराला पाजा, खरवसाचं नंतर बघू.

चिकात मुख्यतः आयजीजी नावाची प्रतिपिंडं असतात. नवजात पिल्लाचं आतडं ती अख्खीच्या अख्खी शोषून रक्तात घेतं. हे दार पहिले २४ ते ३६ तासच उघडं असतं, आणि त्यातही पहिले सहा-बारा तास सोन्याचे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. गोष्ट इथे संपते असं मात्र समजू नका, कारण हगवणीच्या बाबतीत ती इथून सुरू होते.

हगवणीचे विषाणू रक्तात ठाण मांडत नाहीत. ते आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसतात. त्यामुळे रक्तातला पहारेकरी त्यांच्या फारसा कामाचा नाही, पहारा आतड्यातच हवा. तो देतं आयजीए नावाचं दुसरं प्रतिपिंड. मादी व्याल्यावर दोन-तीन दिवसांत चिकाचं दूध होतं आणि मग दुधात आयजीएचंच राज्य असतं. ते पचनात सहज नष्ट होत नाही आणि आतड्याला आतून लेप दिल्यासारखं काम करतं. डुकरीण साधारण तासातासाला पान्हा सोडते, आणि दर पान्ह्याबरोबर हा लेप नवा होतो. दूध आटलं की काही तासांत लेप गेला. पिल्लाच्या रक्तात आईची कितीही प्रतिपिंडं असोत, आतडं उघडंच पडतं.

मग मादीच्या दुधात त्या विशिष्ट विषाणूवरचं आयजीए येतं कुठून? १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, वूस्टरच्या कृषी संशोधन केंद्रात, एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ यांनी डुकरांच्या टीजीई या विषाणूजन्य हगवणीवर काम करताना हे उलगडलं. ज्या माद्यांच्या आतड्याला जिवंत विषाणूची लागण होऊन गेली होती, त्यांच्या दुधात आयजीए भरपूर होतं आणि त्यांची पिल्लं तगली. ज्यांना सुईने लस टोचली होती त्यांच्या दुधात आयजीजी जास्त आलं, आणि पिल्लांचं संरक्षण तोकडं पडलं. कारण असं, की आतड्यात विषाणूशी ओळख झालेल्या पेशी गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात कासेत जाऊन बसतात. शिक्षण आतड्यात आणि बदली कासेत, असं म्हणा.

आपल्या लहान मुलांना रोटा या हगवणीच्या विषाणूवरची लस सुईने न देता तोंडावाटे देतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. २०१६पासून ती सरकारी लसीकरणात आहे आणि तिच्यातली एक पुण्यातच बनते. (ती लस पिल्लांना पाजू का, असं मला विचारणारे भेटले आहेत. नका पाजू. ती माणसाच्या बाळासाठी आहे.)

पायरी १: समोर कोण आहे ते वयावरून ओळखा

रोटा हा डुकरांच्या शेडमधला नेहमीचा पाहुणा. साधारण पहिल्या आठवड्यापासून दूध तोडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंत कधीही दिसतो. त्याचे अ, ब, क असे गट आहेत, आणि एका गटाशी झालेली ओळख दुसऱ्याला चालत नाही. पिल्लं सुकतात, वजन घटतं, पण इतर काही भानगड नसेल आणि दूध चांगलं असेल तर बहुतेक उठतात.

टीजीई आणि पीईडी या दोन हगवणींचे विषाणू कोरोना कुळातले. टीजीईची नोंद १९४६ची, अमेरिकेतली. पीईडी पहिल्यांदा १९७१मध्ये इंग्लंडमध्ये दिसला आणि त्याचा विषाणू १९७८मध्ये बेल्जियममध्ये ओळखला गेला. ज्या कळपाला यांची ओळखच नाही तिथे हे वणव्यासारखे पसरतात. एक-दोन दिवसांत मोठ्या माद्यांपासून तान्ह्या पिल्लांपर्यंत सगळ्यांनाच जुलाब होतात. मोठी जनावरं आठवड्यात सावरतात, पण आठवड्याच्या आतली पिल्लं जवळजवळ सगळी जाऊ शकतात. २०१३च्या वसंतात पीईडी अमेरिकेत पहिल्यांदा पोचला तेव्हा वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं दगावल्याचा अंदाज आहे. तिथल्या शेडमध्ये आंघोळ केल्याशिवाय माणसाला आत सोडत नाहीत, तरीही.

तान्ही पिल्लंच का मरतात? आतड्याच्या आत रसांकुर असतात. टर्किश टॉवेलवरच्या दोऱ्यांच्या फासांसारखी ती दाट लव, दूध शोषून घेणारी. विषाणू ही लव खाऊन टाकतो आणि टॉवेलचा पंचा होतो. तीन आठवड्यांच्या पिल्लाची लव दोन-तीन दिवसांत पुन्हा उगवते. नवजाताला त्यासाठी पाच ते सात दिवस लागतात, आणि तेवढे दिवस त्याच्याकडे नसतात. शिवाय नवजाताला लागण व्हायला विषाणूही फार थोडा पुरतो. पीईडीच्या एका प्रयोगात, दूध तुटलेल्या पिल्लाला जेवढा लागतो त्याच्या हजाराव्या हिश्शात पाच दिवसांच्या पिल्लाला लागण झाली.

प्रत्येक हगवण विषाणूची नसते हेही ध्यानात ठेवा. पहिल्या तीन-चार दिवसांत पाण्यासारखी हगवण आणि फक्त एकदोन वेतांपुरती असेल तर ई-कोलाय या जिवाणूचा संशय घ्या. रक्ताळ असेल तर क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पिवळसर, लोण्यासारखी चिकट, आणि प्रतिजैविकाला दाद देत नसेल तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा. एक स्वस्त युक्ती सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानात पीएच पट्टी मिळते, ती ताज्या हगवणीला लावा. विषाणूने लव खाल्ली की न पचलेली दुग्धशर्करा आंबते, म्हणून विष्ठा आम्लधर्मी येते. ई-कोलायच्या हगवणीत ती अल्कधर्मी असते. दोन्ही एकदम असतील तर पट्टीही गोंधळते, पण सकाळी सहा वाजता हाताशी काहीतरी असलेलं बरं.

पायरी २: गाभण मादीची ओळख करून द्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे गाळतात, कारण तेव्हा शेडमध्ये एकही पिल्लू आजारी नसतं.

पहिल्या वर्षी मी बाजारातून दोन गाभण माद्या आणल्या. दिसायला देखण्या, कास भरलेली, व्यायला आठ-दहा दिवस बाकी. दोघी व्यवस्थित व्याल्या. चीक इतकं, की सडांतून टपकत होतं. पाचव्या दिवशी एकीची अकराही पिल्लं हगायला लागली आणि त्यांतली सात गेली. शेजारच्याच कप्प्यात माझ्या जुन्या मादीची पिल्लं टुणटुणीत होती. हवा तीच, माणूस तोच, खाद्य तेच. मी चिकाला दोष देत बसलो. आमचे डॉक्टर म्हणाले, "दादा, चीक भरपूर होतं, पण ते दुसऱ्या गावचं होतं." त्या मादीच्या दुधात तिच्या जुन्या घरच्या विषाणूंवरचा पहारा होता. माझ्या शेडमधला रोटा तिला अनोळखी होता.

तेव्हापासून नियम केला. बाहेरची मादी आणायची तर गाभण राहण्याआधी आणायची. नाइलाज असेल तर निदान व्यायच्या सहा आठवडे आधी. पहिले तीन आठवडे तिला वेगळं ठेवायचं, म्हणजे तिने काही आणलं असेल तर ते तिथेच कळतं. मग जुन्या माद्यांच्या शेजारी, त्यांच्या शेणाशी संपर्क येईल असं ठेवायचं. जनावर नाक खुपसून सगळं चाखतंच, आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. हा संपर्क व्यायच्या दोन आठवडे आधी थांबवायचा, नाहीतर मादी स्वतःच विषाणू टाकत व्यायच्या कप्प्यात शिरते. हे सगळं बसवायचं तर दिवस मोजता आले पाहिजेत. डुकराचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. म्हणजे ११४ दिवस. नर दाखवल्याची तारीख वहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

पहिलारू मादीकडे दुप्पट लक्ष द्या. तिने आयुष्यात कमी जंतू पाहिलेले असतात, त्यामुळे तिच्या पिल्लांत हगवण जास्त येते. माझ्या वहीत हे चार वर्षं सलग दिसतं.

आता एक धोक्याची गोष्ट. इंटरनेटवर 'फीडबॅक' नावाचा उपाय वाचायला मिळेल. आजारी पिल्लांची आतडी किंवा हगवण खाद्यात मिसळून सगळ्या गाभण माद्यांना चारायची, म्हणजे त्या एकदम आजारी पडून एकदम प्रतिकारक्षम होतात. पीईडीच्या साथीत अमेरिकेत हे सर्रास झालं आणि तिथे त्याचा उपयोगही झाला. पण आतड्याबरोबर दुसरं काय काय चारलं जातं हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. आपल्या देशात डुकरांचा जुना स्वाइन फीव्हर आहे, आणि २०२०पासून आसाम-अरुणाचलपासून सुरू झालेला आफ्रिकन स्वाइन फीव्हरही आहे. त्याच्या विषाणूने मेलेल्या एका पिल्लाचं मांस सगळ्या कळपाला चारलंत तर शेड रिकामं व्हायला आठवडा पुरेल. पाच-दहा माद्यांच्या पालकाने हा उद्योग स्वतःच्या मनाने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लसीबद्दल एवढंच सांगतो. सुईची लस मिळालीच तर ती अगोदर तोंडावाटे ओळख झालेल्या मादीत जुनी आठवण जागी करते. कोऱ्या मादीला एकटी टोचून दुधात फार काही उतरत नाही. आणि स्वाइन फीव्हरची लस वेळेवर द्याच, पण ती हगवणीची नव्हे.

पायरी ३: व्यायचा कप्पा

मादीकडून पहारा वाढवला, आता शत्रूची फौज कमी करायची. प्रतिकारशक्ती म्हणजे छत्री समजा, ढगफुटीत छत्री कुणाला वाचवत नाही. कप्प्यात विषाणूचा थर असेल तर चांगलं दूधही हरतं.

एक तुकडी बाहेर गेली की कप्पा पूर्ण रिकामा करा. एक मादी काढून लगेच दुसरी ढकलायची ही सवय सोडा. मग पुढचा क्रम मोडू नका. आधी सुकं शेण आणि पेंढा खरवडून काढायचा. मग पाणी मारून भिजत ठेवायचं. मग धुण्याचा सोडा किंवा साधी कपड्यांची पावडर टाकून खराट्याने घासायचं, कारण डुकराच्या शेणात आणि दुधात चरबी असते आणि तिच्याखाली विषाणू लपून राहतो. मग धुऊन पूर्ण वाळवायचं. जंतुनाशक सगळ्यात शेवटी. शेणावर फिनेल ओतणं म्हणजे फिनेलचे पैसे शेणात घालणं.

जंतुनाशक कुठलं, हे विषाणूच्या कवचावर ठरतं. पीईडी, टीजीई यांना बाहेरून चरबीचं आवरण असतं. ते साबणाने, ब्लिचिंगने, उन्हाने, वाळण्यानेही फाटतं. वाहनांवरच्या पीईडीवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगात ७१ अंश सेल्सियसला १० मिनिटं किंवा २० अंशांना सात दिवस कोरडं ठेवणं पुरेसं ठरलं. रोटाला असं आवरण नसतं. तो चिवट, शेणात महिनोन्‌महिने तग धरतो, आणि बरीच गोड वासाची जंतुनाशकं त्याला गुदगुल्या करतात. त्याच्यावर क्लोरीन किंवा ग्लुटाराल्डिहाइड चालतं. ताजी ब्लिचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम घ्या. पोतं उघडं पडून सहा महिने झाले असतील तर तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं, वास घेऊन बघा. ब्लिचिंगमध्ये ॲसिड किंवा संडासाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

त्यानंतर चुना. भिंती आणि जमिनीला निवळीचा न देता दाट चुना मारा. तो भेगा बुजवतो आणि त्याचा तीव्र अल्कधर्म विषाणूला झेपत नाही. पूर्ण वाळू द्या, ओल्या चुन्याने पिल्लांची कातडी भाजते. शेवटी चार-पाच दिवस कप्पा रिकामा आणि कोरडा ठेवा. पावसाळ्यात कोकणातल्या लोकांना हे हसू येण्यासारखं वाटेल हे मला माहीत आहे. तिथे कप्प्याच्या वर छप्पर लांब काढणं आणि पंखा लावणं याला पर्याय नाही.

आत आणताना मादीलाही कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, विशेषतः कास आणि मागचा भाग. धुतलेल्या कप्प्यात शेणाने माखलेली मादी आणली तर सगळी मेहनत तिच्या सडांना चिकटून पिल्लाच्या तोंडात जाते.

पायरी ४: पहिले चोवीस तास

व्यायच्या रात्री जागा. दुसरा उपाय नाही.

एका पिल्लाला पहिल्या दिवसात किमान २०० ते २५० ग्रॅम चीक हवं. पहिलं पिल्लू आणि शेवटचं पिल्लू यांच्यात तीन-चार तासांचं अंतर पडतं. तोवर पहिल्या धिंगाणेखोर भावंडांनी पुढचे चांगले सड बळकावलेले असतात. म्हणून पहिल्या सहा-सात पिल्लांचं पोट भरलं की त्यांना तासभर टोपलीत, दिव्याखाली ठेवा आणि लहानग्यांना सडाला लावा. मग अदलाबदल करा. कोण पिऊन झालं हे लक्षात राहत नाही, म्हणून मी पाठीवर मार्करची रेघ मारतो. बारकं पिल्लू ओढत नसेल तर मादीचं चीक स्वच्छ वाटीत पिळून सिरिंजने, सुई काढून, जिभेवर थेंब थेंब सोडा. घाई केली तर फुफ्फुसात जातं.

पिल्लं दुसऱ्या मादीकडे द्यायची असतील तर आधी स्वतःच्या आईचं चीक पिऊ द्या, आणि पहिल्या दिवसानंतर लगेच उरका. हगवण लागलेलं पिल्लू निरोगी वेतात कधीही सोडू नका. दयेपोटी केलेल्या या एका अदलाबदलीने अख्खं शेड आजारी पडलेलं मी पाहिलंय.

ऊब हवी ३४-३५ अंश. मादीला मात्र २० अंशांच्या आसपास बरं वाटतं, म्हणून सगळा कप्पा तापवू नका. कोपऱ्यात फळ्यांची पेटी, वर दिवा, खाली कोरडं तूस. पिल्लं एकमेकांवर चढून झोपली तर गार आहे, भिंतीला चिकटून पांगली तर जास्त तापलंय, शेजारी शेजारी कुशीवर पसरली तर बरोबर. गारठलेलं पिल्लू पीत नाही, आणि न पिणाऱ्याच्या आतड्यावर लेप नाही.

पायरी ५: पुढचे दिवस दूध टिकवा

मादी पालथी झोपून सड लपवते, अंगात ताप आहे, खात नाही, कास दगडासारखी झाली आहे, ही कासदाहाची लक्षणं. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. दूध एक दिवस बंद म्हणजे पिल्लाचा पहारा एक दिवस बंद. व्यायल्यावर मादीला पाणी कमी पडलं तरी दूध घटतं. उन्हाळ्यात दूध पाजणारी मादी दिवसाला २०-३० लिटर पाणी पिते, आणि पाण्याच्या नळीचं निप्पल चोंदलेलं असलं तर आपल्याला कळतही नाही. रोज सकाळी प्रत्येक निप्पल बोटाने दाबून बघा.

पायरी ६: फाटकावर

हे विषाणू शेणातून तोंडात जातात, एवढीच त्यांची वाट. पण शेण स्वतः चालत नाही. ते बुटांवर, टायरला, फावड्याला, उंदरांच्या पायांना लागून येतं. २०१३मध्ये अमेरिकेत कत्तलखान्यांवरच्या गाड्या तपासल्या, तेव्हा स्वच्छ आलेल्या शंभरातल्या सुमारे पाच गाड्या डुकरं उतरवताना पीईडीचा विषाणू घेऊन परतत होत्या.

आपल्याकडे सगळ्यात मोठा धोका व्यापारी. तो सकाळपासून सहा शेडं फिरून आलेला असतो, आणि काठीने डुकराला टोचून वजनाचा अंदाज घ्यायला थेट आत शिरतो. त्याच्याशी नातं बिघडवायचं नाही, पण फाटकापासून आत यायचं नाही. विकायची डुकरं आपणच बाहेरच्या कठड्यात आणून उभी करायची. बाहेरच्यांसाठी आपले दोन जोड गमबूट ठेवायचे. दुसरा धोका गावभर फिरणारा भाड्याचा नर. तिसरा, हॉटेलचं खरकटं. ते वापरणार असाल तर खळखळ उकळूनच, आणि उकळण्याआधीची बादली व नंतरची बादली वेगळ्या रंगाची. त्यात डुकराचं मांस येत असेल तर मी म्हणेन वापरूच नका.

रोजच्या फेरीचा क्रमही ठरवा. आधी तान्ही पिल्लं, मग दूध तुटलेली, मग मोठी, आणि आजारी कप्पा सगळ्यात शेवटी. माझ्याकडे कामाला असलेल्या काकांना हे पटायला वर्ष लागलं, कारण मोठी डुकरं आधी ओरडतात.

पायरी ७: हगवण आलीच तर

पहिल्या तासात तो कप्पा तोडा. म्हणजे वेगळा बूट, वेगळं फावडं, वेगळा माणूस, निदान वेगळी वेळ.

मग नमुना. आजार सुरू होऊन २४ तासांच्या आत, औषध न दिलेल्या पिल्लांची ताजी हगवण स्वच्छ डबीत, बर्फावर, पण गोठवलेली नाही. मेलेलं पिल्लू सकाळी सापडलं तर त्याचं आतडं बहुधा तपासणीच्या कामाचं नसतं. ते मेल्यावर अर्ध्या तासातच सडू लागतं, म्हणून शवविच्छेदनाचं पशुवैद्यकांवर सोपवा. पुण्यात औंधला पशुरोग निदानाची पश्चिम विभागीय प्रयोगशाळा आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुने पाठवा, किंवा जनावरांसाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर विचारा. मोठी डुकरं ताप येऊन पटापट मरत असतील तर नमुन्याचा विचार बाजूला ठेवून आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा. ती हगवणीची गोष्टच नाही.

उपचार म्हणजे पाणी, क्षार, ऊब. विषाणूला प्रतिजैविक मारत नाही. सोबत जिवाणू असेल तर डॉक्टर ठरवतील. पिल्लांना इलेक्ट्रोलाइटचं कोमट पाणी उथळ ताटलीत ठेवा आणि दर चार तासांनी बदला, नाहीतर तेच पाणी लागणीचं भांडं होतं. दूध तोडू नका, आईचं दूधच औषध आहे. पहाटे तीनच्या सुमाराला पिल्लाच्या कानाला हात लावून बघा, कान गार लागला तर दिव्याखाली घ्या. माझा अनुभव असा, की पिल्लं हगवणीपेक्षा गारठ्याने जास्त जातात.

हात साबणाने धुवायचे, शेडमध्ये काही खायचं नाही. डुकरातल्या विषाणूंपैकी हिपॅटायटिस ई माणसालाही होऊ शकतो.

पायरी ८: दूध तोडताना

दूध तुटलं की लेप गेला. पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून तयार होतेय, आणि त्याच दिवशी आपण कप्पा बदलतो, भावंडं बदलतो, खाद्य बदलतो. मग आठवड्याभरात रोटा आणि ई-कोलाय हातात हात घालून येतात. म्हणून एका वेळी एकच बदल करा. दोन आठवडे आधीपासून थोडं थोडं कोरडं खाद्य चाखायला द्या. दूध तोडायच्या दिवशी पिल्लांना जागेवर ठेवून मादीला हलवा. वेगवेगळ्या वेतांची पिल्लं लगेच एकत्र करू नका.

या वयात थोडी हगवण होऊन पिल्लू सावरलं तर फार जिवाला लावून घेऊ नका. लागण झालेल्या आतड्यात आता त्याचं स्वतःचं आयजीए तयार होतंय. त्यातली चांगल्या सडांची मादी ठेवायची असेल तर तिच्या कानाला बिल्ला लावा आणि वहीत लिहा: कधी हगली, किती दिवस, कधी सावरली. दहा महिन्यांनी ती पहिलारू म्हणून व्यायला येईल तेव्हा ते पान उघडायचं.